सरकारी संशोधन ताटापर्यंत पोहोचलं का, ते कसं तपासायचं

सरकारी पैशानं झालेल्या एका आरोग्य-प्रकल्पाचं मूल्यमापन मी पहिल्यांदा केलं, तेव्हा अहवालात लिहिलं: सात पेपर, तीन प्रशिक्षणं, एक परिषद. आकडे खरे होते. काही महिन्यांनी, ज्या दवाखान्यांसाठी ते तपासणीचं यंत्र तयार झालं होतं त्यांतल्या एका ठिकाणी मी गेले, तर यंत्र कपाटात होतं, प्लास्टिकसकट. त्यात घालायच्या पट्ट्या औषध-पुरवठ्याच्या यादीतच नव्हत्या, असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या. माझ्या अहवालात ते कपाट कुठेच नव्हतं. तेव्हापासून मी उलटीकडून चालते: आधी रुग्णाचं दार, मग प्रयोगशाळा.

हा लेख त्या वाटेनं पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. इंदूरमध्ये सार्वजनिक आरोग्य किंवा समाजकार्य शिकणारी आपली मुलंमुली, निवृत्तीनंतर काही उपयोगाचं करू पाहणारे रामबागेतले, राजेंद्रनगरातले काका-मावश्या, शहरातले तरुण पत्रकार, कोणालाही हे जमतं. डॉक्टर असावं लागत नाही. चिकाटी हवी आणि गुणाकार-भागाकार यायला हवा.

पहिली पायरी: एकच अभ्यास धरा

'आयसीएमआरच्या संशोधनाचा परिणाम' असा विषय घेऊन माझ्याकडे आलेल्यांना मी परत पाठवते. ती संस्था, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, १९११ पासूनची आहे (तेव्हा नाव इंडियन रिसर्च फंड असोसिएशन, १९४९ मध्ये आजचं नाव मिळालं). तिचा सगळा पसारा एका माणसाला उलगडणार नाही. एक अभ्यास घ्या. निवडताना तीन गोष्टी पाहा. पैसा सरकारी हवा, निकाल छापून येऊन दोनेक वर्षं झालेली हवीत, आणि तो अमलात आला असेल तर त्याची खूण आपल्या शहरात दिसू शकेल असा हवा.

शिकायला सुरुवात करणाऱ्यांना मी बहुतेक वेळा 'रेशन्स' चाचणी देते. झारखंडच्या चार जिल्ह्यांत ती झाली, पैसा आयसीएमआरकडून आला, नेतृत्व डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांचं. प्रश्न साधा होता: घरात एकाला फुप्फुसाचा टीबी झाला, तर घरातल्या बाकीच्यांना पोटभर आणि बरं खायला दिल्यानं त्यांचा टीबी टळतो का? २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं तिच्यात होती. शिधा रुग्णांना सगळ्यांनाच मिळाला. घरच्यांपैकी एका गटालाच मिळाला: माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या, सहा महिने. दहा वर्षांखालच्या मुलांना धान्य निम्मं. निकाल २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले.

हा अभ्यास मला आवडतो, कारण त्यातला प्रत्येक शब्द आपल्या कोठीतला आहे. तांदूळ आणि डाळ समजून घ्यायला कोणालाही शिकवणी लागत नाही.

दुसरी पायरी: आकडा उघडून बघा

बातम्यांत आलं, 'टीबी ३९ टक्क्यांनी घटला'. इथेच थांबलात तर पुढचं सगळं मूल्यमापन कच्चं राहील. मूळ पेपर काढा. शिधा न मिळालेल्या ४,७२४ जणांत १२२ जणांना टीबी झाला, शिधा मिळालेल्या ५,६२१ जणांत ९६ जणांना. म्हणजे शंभरात सुमारे २.६ विरुद्ध १.७. प्रत्येकावर किती काळ लक्ष ठेवलं, याचा हिशेब आणि इतर फरकांची दुरुस्ती धरली की ३९ टक्के घट निघते. दोन्ही आकडे खरेच आहेत. पण वॉर्डातल्या माणसाशी बोलायला 'शंभरात २.६ विरुद्ध १.७' हीच जोडी हवी.

आता हिशेबाचा भाग. संशोधकांच्या गणितानुसार एक टीबी टाळायला सुमारे ३० घरांना, म्हणजे १११ माणसांना शिधा द्यावा लागतो. वहीत गुणाकार करा: १११ माणसं, सहा महिने, महिन्याला ५ किलो. ३,३३० किलो तांदूळ. डाळीचा तसाच गुणाकार केला तर ९९९ किलो, जवळपास एक टन. मुलांचा वाटा निम्मा असल्यानं प्रत्यक्षात याहून कमी लागेल. या वजनाला आपल्या किराणा दुकानातला आजचा भाव लावा. आलेल्या रकमेसमोर लिहा: एका माणसाचं सहा महिन्यांचं औषध, बुडालेली मजुरी, घरातल्या दुसऱ्याला लागण होण्याचा धोका, आणि टीबीत जीव गेला तर मागे राहणारं घर. शिवाय त्या एक टन डाळीनं टीबी टाळण्याखेरीज १११ माणसांची भूकही भागलेली असते, ती कोणत्या रकान्यात लिहिणार? हे गणित तुम्ही स्वतःच्या हातानं केलंत की 'किफायतशीर' या शब्दाचा अर्थ कायमचा कळतो. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागानं २०१७ मध्ये याच कामासाठी आरोग्य-तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा उभी केली. तिचे अहवाल नंतर वाचा, आधी वही.

तिसरी पायरी: तारखांची साखळी

मोठा कागद घ्या, आडवा. डावीकडे पैसा, उजवीकडे माणूस. मधे जे जे घडलं ते तारखेसह लिहा. ब्रुनेल विद्यापीठातल्या मार्टिन बक्स्टन आणि स्टीव्ह हॅनी यांनी १९९० च्या दशकात 'पेबॅक' नावाची चौकट मांडली, तिचे पाच कप्पे इथे कामाला येतात: नवं ज्ञान, पुढच्या संशोधनाला मिळालेलं बळ, धोरणात झालेला बदल, आरोग्यातला लाभ आणि अर्थव्यवस्थेतला लाभ. प्रत्येक नोंद यांपैकी कुठे बसते ते रंगानं दाखवा. बहुतेक नवख्यांच्या कागदावर पहिला कप्पा भरून वाहतो आणि चौथा कोरा असतो. तो कोरा दिसणं हीसुद्धा माहितीच आहे.

'रेशन्स'ची साखळी मी अशी काढते. २०१३ मध्ये छत्तीसगडच्या ग्रामीण भागातल्या टीबी रुग्णांचा अभ्यास छापून आला. उपचार सुरू होताना पुरुषांचं मध्यक वजन (निम्म्यांचं याहून कमी, निम्म्यांचं जास्त) ४२.१ किलो आणि बायकांचं ३४.१ किलो होतं. २०१७ मध्ये टीबी रुग्णांच्या आहाराबद्दल राष्ट्रीय मार्गदर्शिका आली. एप्रिल २०१८ मध्ये निक्षय पोषण योजना सुरू झाली, रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये. २०१९ मध्ये चाचणीत भरती सुरू झाली, २०२३ मध्ये निकाल. नोव्हेंबर २०२४ पासून रक्कम १,००० रुपये झाली आणि निक्षय मित्रांकडून (टीबी रुग्णांना मदत करायला स्वतःहून पुढे आलेल्या व्यक्ती-संस्थांकडून) मिळणाऱ्या शिधा-पेटीत घरच्या माणसांनाही धरायचं ठरलं.

क्रम नीट पाहा. योजना चाचणीच्या आधीची आहे. 'चाचणीमुळे योजना आली' असं लिहिलंत तर तारखाच तुम्हाला खोटं पाडतील. चाचणीनंतरचे बदल दोन: वाढलेली रक्कम आणि घरच्यांचा समावेश. त्यातला दुसरा चाचणीच्या प्रश्नाशी थेट जुळतो, पहिला तितका नाही. भाव वाढले म्हणूनही रक्कम वाढवली असू शकते. तुमचा शोध त्या दुसऱ्या बदलावर केंद्रित करा.

घाईबद्दल एक सांगते. ब्रिटनमध्ये २००८ साली हृदयरोग-संशोधनाचा हिशेब मांडला गेला, तेव्हा खर्च आणि आरोग्याचा लाभ यांत साधारण १७ वर्षांचं अंतर धरलं होतं. बाळांच्या रोटाव्हायरस जुलाबावरच्या आपल्याकडच्या रोटावॅक लशीचा ११६ई विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये १९८० च्या दशकात नवजात बाळांमध्ये सापडला, लशीला परवाना मिळाला २०१४ मध्ये, राष्ट्रीय लसीकरणात ती २०१६ मध्ये आली आणि मध्य प्रदेशात २०१७ मध्ये. तीन वर्षांच्या प्रकल्पाला 'मृत्यू किती घटले' हा रकाना भरायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला विचारा, पुढची कडी तयार आहे का, आणि ती कोणाच्या हातात आहे.

कागद कुठून मिळवायचे

औषधांच्या आणि उपचारांच्या चाचण्यांची नोंद भारताच्या चाचणी-नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, असते. २००७ मध्ये ती सुरू झाली आणि जून २००९ पासून औषध-चाचण्यांना बंधनकारक झाली. तिथे आधी जाहीर केलेला मुख्य निष्कर्ष-बिंदू (चाचणी मुख्यतः काय मोजणार ते) आणि पेपरमधला मुख्य निष्कर्ष शेजारी ठेवा. वेगळे असतील तर ते अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवं.

पैशाचा माग माहिती अधिकारानं. दहा रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. 'प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका, असे अर्ज वाया जातात. नेमके कागद मागा: मंजुरी आदेश, उपयोगिता प्रमाणपत्र (मिळालेला पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, कार्यालयात सगळे 'यूसी' म्हणतात), अंतिम अहवाल आणि त्यावर झालेल्या कार्यवाहीची टिप्पणी. शेवटचा कागद फार मोलाचा. फाइलवर कुणी 'पाहिले' एवढंच लिहिलं असेल तर साखळी तिथेच तुटलेली असते. संसदेतली प्रश्नोत्तरं आणि आरोग्याच्या स्थायी समितीचे अहवाल कोणालाही पाहता येतात. धोरण का बदललं याचं सरकारनं स्वतः दिलेलं कारण तिथे बऱ्याचदा सापडतं.

चौथी पायरी: हे संशोधन झालंच नसतं तर?

सगळ्यांत अवघड पायरी हीच. समजवायला मी आपल्या गावचीच गोष्ट सांगते.

१९२४ मध्ये इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री उभी राहिली. जमीन होळकर दरबारानं दिली, पैसा मध्य भारतातल्या संस्थानांकडून आणि कापसावरच्या उपकरातून आला, म्हणजे सार्वजनिकच. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेण, पालापाचोळा, गोठ्यातली गवताची गादी यांपासून खत करण्याची पद्धत बसवली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. पुढे इंदूर २०१७ ते २०२३ सलग देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गौरवलं गेलं, आणि २०२२ मध्ये इथे ओल्या कचऱ्यापासून दिवसाला ५५० टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला.

आता मोह बघा. 'हॉवर्ड आणि वाड यांच्या संशोधनामुळे इंदूर स्वच्छ झालं.' वाक्य छान आहे, ऐकायला सुखद आहे. पण मधल्या पंचाऐंशी वर्षांची एकही कडी आपण दाखवलेली नाही. कचरा वेगळा करण्याची सवय, महापालिकेच्या गाड्या, सफाई मित्रांची मेहनत, राष्ट्रीय स्पर्धा, या सगळ्यांतून आजचं शहर घडलं. ते संशोधन झालं नसतं तरी हे घडलं असतं का? बहुधा घडलं असतं. मग दावा सोडून द्या. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नाही, हे पुस्तकात वाचून कळत नाही. आपल्या आवडत्या गावाबद्दलचा दावा स्वतःच्या हातानं खोडावा लागतो तेव्हा कळतं.

टीबीकडे परत या. तुलना शोधा: जिथे घरच्यांना शिधा लवकर पोहोचला ते भाग आणि जिथे उशिरा पोहोचला ते भाग. बदलाआधीची तीन-चार वर्षं दोन्हींकडची वाट सारखी होती का, ते आधी तपासा. नसेल तर तुलना मोडीत निघाली. आणि करोनाच्या २०२०-२१ या वर्षांत टीबीची नोंदच घसरली होती, ती वर्षं पायाभूत धरू नका.

श्रेयवाटपाचं थोडक्यात: 'आम्ही केलं' म्हणणाऱ्या प्रत्येकाचं नाव साखळीवर त्याच्या कडीपाशी लिहा, टक्केवारी देऊ नका. मोठी नावं आपोआप येतात, लहान शोधावी लागतात. खतावरच्या १९३१ च्या पुस्तकावर वाडांचं नाव हॉवर्डांच्या बरोबरीनं छापलेलं आहे, तरी इंदुरातल्या मराठी घरांतही ते फार थोड्यांना माहीत असतं. याचं मला वाईट वाटतं.

पाचवी पायरी: नको होता तो परिणाम

परिणाम म्हणजे चांगलंच काही, असं धरून चालू नका.

१९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग उपचार केंद्र सुरू झालं. आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद, सगळा पैसा सार्वजनिक. तेव्हा टीबी म्हटलं की सॅनिटोरियम: मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी, आणि महिनोन्महिने घरापासून दूर. केंद्रानं १९३ रुग्णांचे दोन गट केले. एक सॅनिटोरियममध्ये, दुसरा शहरातल्या आपापल्या दाटीवाटीच्या घरात. औषधं दोघांना तीच. वर्षानंतर घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि घरातल्या बाकीच्यांना लागण वाढल्याचं दिसलं नाही. १९५९ मध्ये निकाल छापला गेला आणि जगभर टीबीचा उपचार सॅनिटोरियममधून घरी आला. लाखो बायकांना पोरंबाळं सोडून जावं लागलं नाही. सार्वजनिक पैशाचा याहून मोठा लाभ मला चटकन आठवत नाही.

पण घरचे रुग्ण निकृष्ट खाऊनही बरे झाले होते. यातून पुढे एक अर्थ काढला गेला: औषध नीट घेतलं की आहारानं विशेष फरक पडत नाही. अभ्यासानं विचारलं होतं, उपचार कुठे करावा. घरच्यांना खाऊ घातलं तर त्यांचा टीबी टळेल का, हे त्यानं विचारलंच नव्हतं. तरी आहार कित्येक दशकं टीबी-कार्यक्रमाच्या कडेला राहिला. 'रेशन्स'नं २०२३ मध्ये तो दुरुस्त प्रश्न विचारला.

म्हणून तुमच्या कागदावर एक ओळ लाल पेननं लिहा: या अभ्यासानं काय विचारलं नव्हतं, आणि लोकांनी त्याचं उत्तर म्हणून काय उचललं? दोन्ही अभ्यास वाचून मग ही ओळ भरायला बसा, घाईनं भरू नका.

याच पायरीत अभ्यासात भाग घेतलेल्यांचं काय झालं तेही येतं. इंदूरला हे सांगावं लागू नये. २०१० च्या सुमारास इथल्या औषध-चाचण्यांवरून मोठा वाद झाला. त्या बहुतांशी कंपन्यांच्या पैशावरच्या होत्या. स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०१३ मध्ये भरपाईचे व संमतीचे नियम कडक झाले. पैसा कोणाचाही असो, ज्यांच्या शरीरावर चाचणी झाली त्यांना निकाल सांगितला का, हा प्रश्न यादीत वरच्या बाजूला हवा.

सहावी पायरी: दारापर्यंत जा

आधी जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना पत्र द्या आणि परवानगी घ्या. संस्थेतर्फे जात असाल तर एथिक्स कमिटीची (संशोधनात माणसांना इजा होऊ नये हे पाहणाऱ्या समितीची) मंजुरीही लागेल. मनोरमा राजे टीबी रुग्णालय असो की मोहल्ल्यातलं आरोग्य केंद्र, ओपीडीच्या गर्दीत जाऊ नका, दुपारी जा. रुग्णाच्या घरी एकट्यानं कधीच नाही. टीबीचं नाव शेजाऱ्यांना कळलं म्हणून मुलीचं लग्न मोडल्याचं मी पाहिलं आहे. आशा दीदीबरोबर जा (इथे मराठी घरांतही आपण दीदीच म्हणतो), आणि त्या म्हणतील तेव्हाच.

प्रश्न हिंदीत तयार ठेवा, आसपासच्या गावांसाठी माळवीत. टिपणं मराठीत काढलीत तरी उत्तर जसं बोललं गेलं तसंच लिहा. एक बाई म्हणाली होती, "पैसा तो आया, पर दुकान वाले का उधार था." मी ते मराठीत 'रक्कम अन्य कारणासाठी वापरली' असं उतरवलं आणि त्यातली डाळच गेली, उधारी किराण्याचीच होती.

विचारायचं मोजकंच. पैसे कोणत्या महिन्यात आले, उपचार कोणत्या महिन्यात सुरू झाला होता? खातं कोणाच्या नावावर आहे? घरात किती माणसं, त्यांतल्या कितींना शिधा मिळाला? आला तो सगळ्यांत आधी कोणी खाल्ला, शेवटी कोणी? रुग्णाचं पहिल्या दिवसाचं वजन कार्डावर आहे का, दोन महिन्यांनंतरचं आहे का? शेवटचा प्रश्न सोडू नका. पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढलेल्यांत मृत्यू बरेच कमी दिसले, हाही 'रेशन्स'चाच निष्कर्ष आहे. केंद्रात वजनकाटा चालू आहे का, हे स्वतः उभं राहून पाहा.

लिहिताना

चार पानांपेक्षा जास्त नको. पहिल्या पानावर साखळीचं चित्र, तुटलेल्या कड्यांसह. 'सिद्ध झाले' हा शब्द जपून. 'हातभार लागला' बहुतेक वेळा जास्त खरा असतो. जिथे पुरावा नाही तिथे 'पुरावा नाही' असं त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा, तळटीपेत ढकलू नका. पेपरांची आणि सायटेशनची (इतर पेपरांत आलेल्या उल्लेखांची) संख्या हवी तर शेवटच्या पानावर एका ओळीत.

हिंदी प्रत काढा. एक जिल्हा क्षयरोग कार्यालयाला, एक पैसा देणाऱ्या विभागाला, आणि एक घेऊन आशा दीदींच्या मासिक बैठकीत परवानगीनं दहा मिनिटं वाचून दाखवा. त्या चूक सांगतील ती तिथल्या तिथे मार्जिनमध्ये लिहून घ्या, आणि मगच अहवालावर तारीख घाला.